बसऱ्याचे उंदीर आणि करमाडची कणगी

यंदाच्या स्मरणिकेसाठी ‘आपल्या ज्ञातीतील मंडळींचे परदेशगमन’ या विषयावर चार शब्द लिहावेत, अशी सूचना संपादक मंडळाने आम्हांस केली. विलायतेस वा अमेरिकेस जाऊन विद्या व धन संपादून आलेल्या ज्ञातिबांधवांचा परिचय आम्ही करून द्यावा, अशी मंडळाची अपेक्षा असावी. परंतु त्यांचे सत्कार झालेले आहेत, छायाचित्रेही मागील अंकांतून प्रसिद्ध झालेली आहेत. त्यांत नव्याने भर घालण्याजोगे आमच्यापाशी फारसे काही नाही. ज्यांचा सत्कार कोणी केला नाही व ज्यांचे छायाचित्रही कोणाच्या घरी नाही, अशाही काही माणसांनी आपल्यांतून समुद्र ओलांडला होता. त्यांच्या प्रवासाची जी एकमेव गोष्ट आमच्यापर्यंत पोहोचली ती उंदरांची आहे. विषय क्षुद्र वाटेल याची आम्हांस जाणीव आहे. तरीही वाचकांनी थोडा धीर धरावा.

आमचे गाव करमाड. औरंगाबादेहून (म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगराहून) जालन्याकडे जाताना लागणारे. आता गावाच्या अलीकडेच शेंद्र्याचे कारखाने उभे आहेत. परंतु आमच्या लहानपणी गावात दोनच गोष्टींची घाई असे, एक गाडी येण्याची व दुसरी धान्य घरात येण्याची. त्या काळच्या इतर वाड्यांप्रमाणे आमच्याही वाड्यात बळद होते, अंगणात पेव होते आणि माजघरात एका लाकडी माचावर कणगी होती. या माचाच्या चारही पायांना मध्यावर पत्र्याच्या गोल थाळ्या बसविलेल्या होत्या, पालथ्या छत्रीसारख्या. गावात इतर कोणाच्याही घरी असा माच नव्हता. पाहुणे पाहत, हसत व विचारीत. आम्हां मुलांना मात्र त्यात काही नवल वाटत नसे. माचाला थाळ्या असतातच अशी आमची समजूत होती.

तो माच आमच्या थोरल्या आबांनी, म्हणजे आजोबांच्या वडील बंधूंनी, स्वतः करविला होता. आबा पहिल्या महायुद्धात बसऱ्यास जाऊन आले होते. युद्धाचे नाव त्यांनी कधी घेतले नाही. ‘बसऱ्याला होतो’ एवढेच ते म्हणत. मेसोपोटेमियातील सारी लढाई आमच्या बाजूच्या खेड्यांतून ‘बसरा’ या एकाच शब्दात सांगितली जाई. आमच्या घरातील बायकांना बसरा माहीत होता तो नथीतील मोत्यांमुळे. १९५८-५९ च्या सुमारास आम्ही सात-आठ वर्षांचे असताना आबा साठी ओलांडून गेले होते. दिवेलागणीनंतर आम्ही त्यांच्याभोवती बसून ‘आबा, उंदराची गोष्ट’ असा हट्ट धरीत असू. मग ते सांगत, “आरं, तिथला उंदीर माझ्याहून जाड व्हता. मी पोतं शिवायचो, तो पाठीमागं बसून उसवायचा.” आम्ही हसून लोळत असू. आबा हसत नसत. मुलांच्या ते ध्यानात येत नाही. आमच्याही आले नाही.

आबांच्या पिढीला उंदीर म्हणजे काय होते, हे प्रथम सांगितले पाहिजे. गणपतीचे वाहन, मुलांचा मामा, पडलेला दुधाचा दात नेणारा, ही सारी उंदराची सौम्य रूपे होत. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात, धान्याच्या वखारींच्या वस्तीत, डॉक्टर अकासिओ व्हिएगास यांनी गाठीचा प्लेग ओळखला, आणि तेथून पुढील वीस-पंचवीस वर्षे दख्खनच्या खेड्यांत ‘उंदीर पडला’ हे दोन शब्द उच्चारताच चुली विझत. मराठवाड्यातील कितीतरी गावे अशा वेळी घरे ओस टाकून शिवारात झोपड्या घालून राहिली. उंदराच्या अंगावरील पिसू हे या रोगाचे वाहन असावे, असे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ मध्ये कराचीस प्रयोग करून दाखविले. त्यावर विद्वानांनी प्रथम विश्वास ठेवला नाही, आणि परळच्या प्रयोगशाळेत १९०५ पासून पुढे झालेल्या संशोधनानेच ती गोष्ट पक्की झाली. खेड्यातील माणसाला पिसवेचे ज्ञान नव्हते. पण उंदीर मेला की माणूस मरतो, एवढे त्याने पाहिले होते. आबांचे बालपण अशा झोपडीत गेले होते. त्या झोपडीतून गावात परतताना घरातील दोन माणसे कमी झाली होती.

आगबोटींबरोबर हा उंदीर सर्व जगभर गेला. मॉरिशस बेटात १८३४ पासून उसाच्या मळ्यांवर कामास गेलेल्या हिंदी मजुरांत मराठी माणसेही होती, व त्यांचे वंशज आजही तेथे आहेत. तेथे १८९९ मध्ये प्लेग पोहोचला. उंदरांचा नाश व्हावा म्हणून १९०० च्या सुमारास हिंदुस्थानातील मुंगूस तेथे नेण्यात आले. मुंगसाने उंदीर खाल्लेच, शिवाय बेटावरील पक्ष्यांची अंडी-पिल्लेही सोडली नाहीत. बंदरांतून तेव्हापासून एक युक्ती रूढ झाली. जहाज धक्क्याला बांधण्याच्या जाड दोरांवर पत्र्याच्या मोठ्या गोल थाळ्या अडकवीत, म्हणजे दोरावरून चढणारा वा उतरणारा उंदीर तेथे अडून मागे फिरे. आमच्या माजघरातील माचाचे मूळ वाचकांच्या ध्यानात आले असेल.

आबा १९१५ च्या पावसाळ्यानंतर गेले. करमाड तेव्हा निजामाच्या राज्यात; पण मनमाडकडे जाणारी गाडी दारावरून जात होती आणि मनमाडच्या पुढे मुंबई होती. दुष्काळी वर्षात कर्ज झाले होते, एवढेच कारण घरात सांगितले जाते. ते लढवय्या पलटणीत नव्हते. पुरवठा व वाहतूक खात्याच्या कोठारात हमाली व बारदानाचे काम करणाऱ्या माणसांत त्यांची भरती झाली. दाभण आणि सुतळी ही त्यांची हत्यारे. अशा माणसांना लष्करी भाषेत ‘अनुचर’ म्हणत, आणि इतिहासाच्या ग्रंथांत त्यांची गणना बहुधा शेवटच्या ओळीत होते.

लढवय्ये मात्र आपल्या मुलखातील पुष्कळ होते. नोव्हेंबर १९१४ मध्ये इराणी आखाताच्या टोकाशी फाओ येथे उतरून त्याच महिन्यात बसरा घेणाऱ्या सैन्यात पुण्याचे सहावे डिव्हिजन होते, व त्यात १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. नगरकडील आमच्याच ज्ञातीतील एक तरुण, नात्याने आबांचा मावसभाऊ, ११० व्या पलटणीत होता. आबा बसऱ्यास उतरले तेव्हा ती पलटण टायग्रिस नदीच्या काठाने वर निघून गेली होती. तिकडे जाणाऱ्या कोणाबरोबर तरी मावसभावाला गूळ धाडावा, असे आबांच्या मनात होते. तो गूळ त्यांनी मुंबईहून बांधून आणला होता.

बसरा त्या वेळी बंदर म्हणावे असे नव्हते. पाणी खोल असल्याने मोठी जहाजे नदीत येत, परंतु धक्के नव्हते, क्रेन नव्हते, वखारी नव्हत्या. जहाजे दिवसेंदिवस नांगरून पडत. माल ‘महैला’ नावाच्या अरबी होड्यांत उतरवून काठावर आणीत. काठ म्हणजे खजुरीची बने, कालवे आणि चिखल. तेथून पुढे सैन्यापर्यंत रेल्वे नव्हती व पक्का रस्ताही नव्हता. टायग्रिस हाच एक मार्ग. त्या वळणावळणाच्या उथळ नदीतून चालतील अशा आगबोटी फारच थोड्या होत्या. सैन्य मात्र पुढे पुढे ढकलले जात होते. २२ नोव्हेंबर १९१५ रोजी बगदादच्या अलीकडे टेसिफॉन येथे मोठी लढाई होऊन जनरल टाउनशेंड यांना माघार घ्यावी लागली. ३ डिसेंबरास थकलेले सैन्य कूट-अल-अमारा या नदीच्या वळणातील गावी परतले, आणि ७ डिसेंबरास तुर्कांचा वेढा पूर्ण झाला. तिन्ही मराठा पलटणी त्या वेढ्यात सापडल्या.

आता आबांच्या उंदरांकडे वळू. त्यांच्या सांगण्याप्रमाणे कोठार म्हणजे उघड्यावर रचलेल्या पोत्यांचे डोंगर. वर ताडपत्री आणि खाली ओल. पीठ, तांदूळ, डाळ, घोड्याखेचरांचे जव. थंडीच्या पावसात कालवे फुगले की बिळांतील सारे उंदीर कोरड्या जागेच्या शोधात पोत्यांत येत. दिवसा भीत नसत. रात्री पायाची बोटे कुरतडीत. एका सोबत्याच्या कानाची पाळी तोडली होती. वहाणा, पट्टे, खेचरांचे सामान, चामड्याचे काहीही सकाळी शाबूत सापडेल याचा नेम नसे. आबांचे काम फाटकी पोती शिवण्याचे. शंभर शिवावीत तो दुसऱ्या रांगेत शंभर फुटलेली. पहिल्याच आठवड्यात दोन पोत्यांच्या फटीत त्यांना एक उंदीर मेलेला दिसला, तेव्हा ते दाभण टाकून पळत सुटले. मुकादमाने परत धरून आणले. आम्हां मुलांना हा प्रसंग ते पळण्याच्या अभिनयासह सांगत. तो उंदीर सोट्याने मारलेला होता, प्लेगाचा नव्हता. परंतु त्या रात्री ते उघड्यावर, पोत्यांपासून दूर, चिखलात झोपले.

इकडे कूटमध्ये काय चालले होते? आरंभी गावातील घरांतून जव-गव्हाचे साठे हाती लागले, त्यावर दिवस निघाले. जानेवारीत नदीच्या पुराने खंदक भरले. जनावरे मारून खाण्याची पाळी आली. गोऱ्या शिपायांनी घोड्याचे मांस खाल्ले. हिंदी शिपायांतील बहुतेकांनी धर्माला व जातीला स्मरून ते फार उशिरापर्यंत नाकारले. गावाकडे आपणांस कोणी पंक्तीस घेणार नाही, ही भीती त्यांना तुर्की गोळ्यांहून मोठी वाटली. हिंदुस्थानातील धर्ममार्तंडांची संमती तारेने मागविली गेली, तरी एप्रिल उजाडेपर्यंत अनेकांचे मन वळले नाही. या गोष्टीचा विचार ज्ञातीच्या स्मरणिकेतच करावा असे आम्हांस वाटते, कारण त्या पंक्तीत बसणारे आपणच होतो. ताज्या अन्नावाचून हिंदी शिपायांत स्कर्व्ही पसरली; हिरड्या सुजून दात हलू लागले. शेवटच्या पंधरवड्यात माणशी चार-पाच औंस पिठावर, म्हणजे सव्वाशे ग्रॅमच्या आसपास, दिवस काढावा लागे. विमानांतून पोती टाकण्याचा प्रयत्न झाला, त्यांतील काही नदीत पडली. धान्य घेऊन निघालेली ‘जुलनार’ ही आगबोट २४ एप्रिलच्या रात्री तुर्कांनी अडविली. २९ एप्रिल १९१६ रोजी कूट पडले. सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली. त्यांत हिंदी शिपाई व अनुचर यांचाच भरणा मोठा होता. वाळवंटातून चालविलेल्या त्या तांड्यांतील व पुढे रेल्वेमार्गाच्या कामावर जुंपलेल्या कैद्यांतील हजारो परतले नाहीत.

एक उंदीर दिवसास सुमारे पंचवीस ग्रॅम धान्य खातो, आणि खातो त्याहून अधिक नासतो, असे शेतकी खात्याची माणसे सांगतात. सव्वाशे ग्रॅम म्हणजे पाच उंदरांचे एका दिवसाचे जेवण. हा हिशेब आमचा आहे. आबांना ग्रॅम ठाऊक नव्हते. पण त्यांनी तो हिशेब आपल्या परीने केला असावा. आमच्या वडिलांना त्यांनी एकदाच सांगितले होते की, कूट पडल्याची बातमी बसऱ्यास आली तेव्हा त्यांच्या हातात जे पोते होते ते कणकीचे होते, आणि त्याच्या तळाला उंदरांनी घर केले होते. मावसभावासाठी आणलेला गूळ कधीच उंदरांनी संपविला होता. वर न्यायला बोट नव्हती, म्हणून ती कणीक बसऱ्यास होती.

हे केवळ एका हमालाचे दुःख म्हणून सोडून देता येत नाही. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या मेसोपोटेमिया कमिशनने १९१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात नदीवरील वाहतुकीच्या अपुऱ्या साधनांवर कठोर ठपका ठेवला, आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. वेढा फोडण्यासाठी गेलेल्या सैन्याचीच सुमारे तेवीस हजार माणसे मेली वा जखमी झाली. त्यानंतर मात्र सर्व काही सुचले. धक्के बांधले, आगबोटी आणल्या, बसऱ्याहून नासिरियापर्यंत मीटरगेजचे रूळ टाकले. आपल्या करमाडवरून जाणाऱ्या रुळांची रुंदीही तेव्हा तेवढीच होती. ते रूळ १९९० नंतरच्या दशकात रुंद झाले. ११ मार्च १९१७ रोजी बगदाद घेतले गेले. तोवर कूटची माणसे कैदेत होती किंवा वाळूत.

दुसऱ्या आघाड्यांवरही आपल्या लोकांना हाच सोबती भेटला. १९१४ च्या हिवाळ्यात फ्रान्समध्ये गेलेल्या हिंदी सैन्यात खडकीचे सॅपर्स होते. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी न्यूव्ह शापेलच्या हल्ल्यात त्यांच्या दोन कंपन्यांची फार मोठी हानी झाली. त्या खंदकांतील उंदीर प्रेतांवर पोसलेले. त्यांच्या मुतामुळे पाण्यातून होणारा कावीळयुक्त ज्वर याच सुमारास ओळखला गेला. त्याचे जंतू १९१५ मध्ये जपानात इनाडा व इडो यांनी शोधले. २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या महापुरानंतर घरोघरी पोहोचलेला ‘लेप्टो’ हा शब्द त्याच रोगाचा. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या सीमेवरील काबाव खोऱ्यात वेगळाच प्रकार झाला. ओसाड शेतांतील उंच गवतात उंदीर माजले, उंदरांवर जगणाऱ्या बारीक माइटच्या दंशाने शिपायांना ‘स्क्रब टायफस’ जडू लागला, आणि त्यावर त्या वेळी औषध नव्हते. ते १९४८ मध्ये मलायात सापडले. कपड्यांना औषधी तेल चोळणे हाच काय तो उपाय. हा रोग २०१८ मध्ये नागपूरकडे पुन्हा ऐकू आला. शत्रूच्या गोळीने पडलेल्याचा पोवाडा होतो. उंदराच्या संगतीने मेलेल्याचे कारण घरी कळविताना नुसता ‘ताप’ लिहीत.

बसऱ्याजवळ १९२९ मध्ये त्या युद्धातील मृतांचे एक स्मारक उभारण्यात आले. १९९७ मध्ये ते नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात हलविले. चाळीस हजारांहून अधिक मृतांची ती आठवण आहे. गोऱ्या शिपायाचे तेथे नाव कोरले आहे. हिंदी अंमलदारांचेही आहे. सामान्य हिंदी शिपायाची मात्र पलटणीच्या नावाखाली केवळ संख्या कोरली गेली. या भेदभावाची कबुली राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाने २०२१ च्या एप्रिलमध्ये दिली व क्षमा मागितली. आपल्याकडे इंग्रजी हद्दीतील कितीतरी गावांत ‘येथून इतके गेले, त्यांतील इतके मेले’ अशा संगमरवरी शिळा आहेत. त्यांवरही बहुधा संख्याच असते. नगरकडील त्या मावसभावाचे नाव त्याच्या आईने देवघराच्या भिंतीवर कोळशाने लिहवून घेतले होते असे सांगतात. ती भिंत पडून फार वर्षे झाली. पुढच्या पिढीला त्याचे नाव ठाऊक नव्हते. ‘बसऱ्याचा’ एवढेच ते म्हणत.

आबा १९१९ मध्ये परतले. आल्यावर ज्ञातीच्या पंचांनी समुद्रगमनाबद्दल प्रायश्चित्त सांगितले, ते त्यांनी निमूट घेतले. कर्ज फिटले. त्या वर्षीच्या सुगीला त्यांनी जालन्याहून सुतार व लोहार आणविले. माच कसा हवा हे सुताराला लगेच समजले. पत्र्याच्या थाळ्या कशाला, ते लोहाराला समजेना. आबांनी मातीत जहाज काढले, त्याचा दोर काढला, दोरावर थाळी काढली. लोहाराने आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. तरी चारही थाळ्या त्याने अचूक बसविल्या. पुढे पंचेचाळीस वर्षे, १९६४ मध्ये डोळे मिटेपर्यंत, रोज रात्री निजण्यापूर्वी आबा कंदील घेऊन माजघरात जात, माचाभोवती एक फेरी घालीत आणि प्रत्येक थाळीवर बोटाने टिचकी मारून पाहत.